पाहण्यापुरता उजेड

घरातल्या विजेच्या दिव्याचा इतिहास बहुतेक पुस्तकांत तारांपासून सुरू होतो. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजघर सुरू झाले, रस्त्याखालून तारा गेल्या आणि तारांमागोमाग दिवे घरांत शिरले. यात खोटे काही नाही. पण जगातल्या असंख्य घरांत विजेचा पहिला दिवा असा आलाच नाही. तो दुकानातून हातात धरून आणला गेला आणि त्याची वीज त्याच्याच पोटात होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले १९६० साली. त्याच्या तारा वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचायला पुढे आणखी कितीतरी वर्षे लागली, तोवर अनेक घरांतल्या खुंटीला सेलची बॅटरी लटकत होती. त्या घरांच्या बाजूने पाहिले तर वीज आधी सुटी आली आणि मागाहून तारेने आली.

हातात धरून नेता येणाऱ्या या सुरुवातीच्या विजेच्या दिव्यांचा अभ्यास हे लहानसे, पण भरलेले क्षेत्र आहे. त्यात रसायन आहे, पत्र्याचे आणि काचेचे काम आहे, पेटंटांचे कज्जे आणि जाहिराती आहेत. माणसे रात्री घरात नेमके काय काय करतात, हा फारसा कुणी न विचारलेला प्रश्नही त्यात आहे. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. या दिव्याने घराला जास्त उजेड दिला नाही. कंदिलापुढे तो बराच काळ फिकाच होता. त्याने दिला तो वेगळ्या जातीचा उजेड, लागेल त्या क्षणी, लागेल तेवढ्याच जागेवर पडणारा. त्याला मी पाहण्यापुरता उजेड म्हणतो.

त्याआधीचे घरातले दिवे आठवून पाहा. समई, पणती, चिमणी, कंदील, मेणबत्ती. हे सारे एकदा लावायचे आणि मग राखायचे दिवे. तेल घाला, वात सारा, काच राखेने घासून पुसा, काडी ओढा, वाऱ्यापासून जपा. इतका खटाटोप केल्यावर दिवा क्षणभरासाठी कोण लावील? म्हणून रात्री अपरात्री काही खुट्ट वाजले तर माणूस अंधारातच चाचपडे, किंवा तेवता दिवा उचलून नेई आणि गवताच्या, कापसाच्या, लाकडाच्या घरात ज्योत फिरवण्याची धास्ती सोबत नेई. क्षणभराच्या गरजेला क्षणभराचा दिवा नव्हता.

विजेने ही जागा भरावी असा विचार पुष्कळ आधी सुरू झाला होता. पॅरिसचा गुस्ताव्ह त्रूव्हे हा या कथेतला माझा आवडता माणूस. १८७० आणि १८८० च्या दशकांत त्याने खिशात मावतील असे विद्युतघट बनवले, उजळणारे दागिने बनवले, डॉक्टरांच्या कपाळावर बांधायचा दिवा बनवला. त्याचे बरेचसे घट बायक्रोमेटच्या द्रावणावर चालत. जस्ताची कांडी द्रावणात बुडवली की दिवा लागे, वर उचलली की विझे. प्रवाह जोरदार मिळे, पण आत आम्ल हिंदकळत असे. साधारण त्याच काळात, १८८२ साली, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ‘आयोलान्थी’ या संगीतिकेतल्या पऱ्यांच्या केसांत इंग्रज संशोधक स्वानचे चिमुकले दिवे चमकले. त्यांची वीज वेशात लपवलेल्या संचायकांतून येत होती. रंगभूमीवर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी हे चालून गेले, कारण तिथे घट भरायला आणि सांभाळायला माणसे होती. उशाशी आम्लाची बाटली ठेवून कुणी झोपणार नव्हते.

घरात शिरण्यासाठी आधी वीज कोरडी व्हायला हवी होती. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त, कोळसा, मँगनीज डायॉक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा घट बनवला. १८८६ मध्ये माइन्झच्या कार्ल गॅसनर या डॉक्टरने त्यातले सांडणारे पाणी काढून टाकले. नवसागर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवून त्याचा लगदा केला, त्यात झिंक क्लोराइड घातले आणि जस्ताच्या डबीलाच एक ध्रुव बनवले. भांडे आणि इंधन एकच झाले. हा सेल आडवा ठेवा, उलटा करा, खिशात घाला, चालत राही. १८९६ पासून क्लीव्हलँडच्या नॅशनल कार्बन कंपनीने सहा इंच उंचीचे ‘कोलंबिया’ सेल मोठ्या संख्येने विकायला सुरुवात केली. दिव्यापेक्षा दूरध्वनी आणि विजेच्या घंटा यांच्यासाठी त्यांना जास्त गिऱ्हाईक होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढची सारी कथा या सेलच्या एका स्वभावात आहे. लेक्लांशेच्या जातीच्या सेलमधून सतत जोराचा प्रवाह घेतला तर तो लवकर दमतो. आतले मँगनीज डायॉक्साइड विक्रियेच्या वेगाला पुरे पडत नाही आणि दाब घसरतो. काही वेळ मोकळा सोडला तर तो पुष्कळसा सावरतो. दारावरच्या घंटेला हे उत्तम, कारण घंटा क्षणभर वाजते आणि तासन्‌तास गप्प असते. सतत तेवणाऱ्या दिव्याला हे घातक. म्हणजे क्षणभराचा उजेड ही आधी कुणाची कल्पना नव्हती, ती सेलची अट होती. पुढे तीच अट घरांनी सोय म्हणून स्वीकारली.

अट किती कडक होती ते आकड्यांनी पाहू. त्या वेळच्या कार्बन तंतूच्या दिव्याला एका वॅटमागे जेमतेम ३ ल्युमेन उजेड मिळे. साधी मेणबत्ती सुमारे १२ ल्युमेन देते. हातात मावणाऱ्या तीन सेलांचा दाब साडेचार व्होल्ट. त्यांच्याकडून एखादा वॅट काढला तरी मिळणारा उजेड मेणबत्तीच्या पाव हिश्शाचा. हा उजेड खोलीभर पसरला तर कुणाला दिसणारही नाही. पण मागे परावर्तक आणि पुढे भिंग लावून त्यातला निम्मा जरी दहा अंशांच्या अर्धकोनात कोंडला, तरी त्या एका दिशेला तो दहा-पंधरा मेणबत्त्यांच्या तोडीचा होतो. बॅटरीचा झोत हा असा गरिबीतून जन्मला. उजेड थोडा होता म्हणून तो एकवटावा लागला, आणि एकवटला म्हणून हाताने रोखून दाखवता येऊ लागला. आधीच्या घरगुती दिव्यांत असे रोखता येणारे फार थोडे होते. चोरकंदिलासारखे जे होते, ते पहारेकऱ्यांचे होते.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या संशोधकाने ही सारी जुळणी एका नळीत बसवली. त्याच्या पेटंटावर १० जानेवारी १८९९ ही तारीख आहे आणि क्रमांक आहे ६,१७,५९२. कागदी पुठ्ठ्याची नळी, तीत एकामागे एक तीन सेल, टोकाला छोटा दिवा आणि पितळेचा ओबडधोबड परावर्तक. या पेटंटाचे हक्क होते कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या अमेरिकन इलेक्ट्रिकल नॉव्हेल्टी अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीकडे. ह्यूबर्ट मूळचे रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कचे, अकिबा होरोविट्झ. न्यूयॉर्कला आलेल्या या ज्यू स्थलांतरिताने विजेच्या गमतीजमतींचा व्यापार मांडला होता. त्यांनी काही नळ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या आणि पोलिसांच्या पसंतीची जाहिरात केली. सुरुवातीच्या नळ्यांना चालू ठेवायचा खटका नव्हता. पट्टीवरची कडी बोटाने दाबून धरायची, बोट उचलले की दिवा गेला. मला ही कडी या क्षेत्रातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. सेलची अट तिच्यात धातूचे रूप घेऊन बसली आहे.

याच कंपनीचा ‘एव्हर रेडी’ हा छाप पुढे जगभर गेला. १९१४ साली सारा कारभार नॅशनल कार्बनकडे आला. सेल बनवणाऱ्याने दिवा बनवणाऱ्याला विकत घ्यावे यात नवल नाही. दिवा एकदाच विकला जातो, सेल दर थोड्या आठवड्यांनी.

घरासाठी म्हणून त्या काळात जे केले गेले ते मात्र नळीपुरते नव्हते, आणि नव्या अभ्यासकाने तिकडे आवर्जून पाहावे. विजेच्या मेणबत्त्या निघाल्या, रात्री वेळ दिसावी म्हणून घड्याळावर झुकलेले दिवे निघाले, उशाशी ठेवायच्या लाकडी पेट्या निघाल्या. टायपिनमध्येही दिवा बसवला गेला. यातल्या ज्या वस्तूंनी मेजावरच्या दिव्याची जागा घ्यायला पाहिले, त्या मागे पडल्या. सेलच्या विजेवर वाचत बसणे कुणाला परवडणारे नव्हते. ज्यांनी फक्त क्षणभराचे काम पत्करले, त्या टिकल्या. अपयशी वस्तू संग्रहालयांत कमी दिसतात, कारण कोणी जपून ठेवल्या नाहीत. पण नळीवाला दिवाच का जिंकला हे त्यांच्यावाचून समजत नाही.

तंतू बदलला तेव्हा चित्र पालटले. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची ओढता येणारी तार सिद्ध केली. १९१० नंतर हा तंतू दिव्यांत रुळला, आणि त्याच सेलमधून दुप्पट-तिप्पट उजेड मिळू लागला. चालू ठेवायचा खटका आता खऱ्या अर्थाने उपयोगाचा झाला. तोवर हा दिवा इतका घरोघरी झाला होता की १९१६ मध्ये एव्हरेडीने त्याला नवे नाव सुचवण्याची स्पर्धा लावली आणि ३,००० डॉलरचे बक्षीस ठेवले. निवडलेले ‘डेलो’ हे नाव काही वर्षांतच मावळले. स्पर्धा अयशस्वी झाली, पण वस्तू घरात किती मुरली होती याचा तो चांगला पुरावा आहे.

पुराव्याविषयी दोन शब्द. या क्षेत्रात पहिल्या माणसाचा शोध घेण्याचा मोह मोठा आहे आणि तो आवरावा. खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या जोशुआ लायोनेल कोवेन यांनी फुलांच्या कुंडीवर उजळणारी नळी बनवली, ती ह्यूबर्टना विकली आणि त्यातून हा दिवा जन्मला, अशी गोष्ट अजून छापली जाते. कोवेन यांचे १८९९ चे पेटंट आहे ते छायाचित्रकारांची मॅग्नेशियमची भुकटी पेटवणाऱ्या उपकरणाचे. गोष्ट गोड आहे, पण पेटंटे समोर ठेवली की मिसेलचे पारडे जड होते. त्रूव्हेच्या बाबतीत अडचण उलटी आहे. काम प्रचंड, पण त्याच्या जन्मगावच्या नगरभवनात ठेवलेली त्याची कागदपत्रे १९८० च्या आगीत गेली. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना समकालीन नियतकालिकांवर भर द्यावा लागतो, आणि ती नियतकालिके नवलाईच्या भरात लिहितात हे ध्यानात ठेवावे लागते.

वस्तू हाताशी आली तर ती साफ करण्याची घाई करू नये. जुन्या नळीत पांढरी पुटे आणि खाल्लेला पत्रा दिसतो. जस्ताची डबी हेच इंधन असल्याने ती वापरता वापरता भोके पडेपर्यंत झिजते आणि आतला मसाला बाहेर येतो. ही पुटे सांगतात की सेल आत ठेवून दिवा विसरला गेला होता. जस्त विनाकारण झिजू नये म्हणून जुन्या सेलांत पाराही वापरत, तेव्हा ते उघड्या हातांनी फोडू नयेत.

भारतापुरते दुवे ठळक आहेत. एव्हर रेडी कंपनी (इंडिया) १९३४ साली कलकत्त्यात स्थापन झाली, १९३९ मध्ये काशीपूरला सेलचा कारखाना निघाला, १९५८ मध्ये लखनौला बॅटरीच्या नळ्या बनू लागल्या. हीच कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. खेड्यापाड्यांत सेलवर विश्वासाने वाचले जाणारे हे नाव डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये हजारो माणसांच्या मृत्यूशी जोडले गेले. घरगुती वस्तूंचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही; दिवा आणि विषारी वायू एकाच कंपनीच्या ताळेबंदात होते.

मराठी अभ्यासकापुढे खरे मोकळे रान आहे ते वापराच्या इतिहासाचे. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जाताना, विहिरीच्या काठावर, साप-विंचवाच्या पावसाळ्यात, बाळंतपणासाठी सुईणीला आणायला जाताना बॅटरी कुणाच्या हातात असे? ती घरातल्या पुरुषाची होती की चुलीशी उठणाऱ्या बाईलाही सहज मिळे? दोन सेलची की तीन सेलची, आणि ते किती दिवस पुरवावे लागत? अशक्त झालेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची सवय तर घरोघर होती. विश्रांतीने सेल सावरतो आणि उबेने आतली विक्रिया जलद होते, तेव्हा त्या सवयीत रसायनाची खरी जाण होती. हे प्रश्न पेटंटांत सुटणार नाहीत. ज्यांनी ते सेल ओट्यावर वाळत घातले त्यांच्यातली पुष्कळ माणसे अजून सांगायला आहेत. आपापल्या गावापासून ही विचारपूस सुरू करावी, आणि उत्तरासोबत घरात उरलेली जुनी नळी दिसली तर तिच्यावरचा छाप, लांबी आणि खटक्याचा प्रकारही टिपून घ्यावा.