राखेच्या काँक्रीटला पाणी नव्हे, ऊब हवी

स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर आळी करून पाणी साठवायचे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळायचे, ही बांधकामावरची नित्याची पद्धत आहे. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून काँक्रीटला बळकटी येत असल्याने पहिले काही दिवस पाणी मारणे अत्यावश्यक असते. औष्णिक वीज केंद्रांतील राखेपासून, म्हणजेच फ्लाय अॅशपासून, तयार होणाऱ्या जिओपॉलिमर काँक्रीटला मात्र हा नियम लागू पडत नाही.

'जिओपॉलिमर' ही संज्ञा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डाव्हिडोव्हिट्स यांनी १९७०च्या दशकात रूढ केली. या काँक्रीटमध्ये सिमेंट नसते. राखेतील सिलिका व अॅल्युमिना हे घटक सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणात विरघळतात. पुढे त्यांचे घट्ट जाळे तयार होऊन खडी व वाळू बांधली जाते. या क्रियेत पाणी हे प्रामुख्याने माध्यम असते. कोवळ्या अवस्थेत वरून पाणी मारल्यास द्रावणातील अल्कली धुऊन जाण्याचाच धोका संभवतो. कमी कॅल्शियमच्या राखेत ही क्रिया सामान्य तापमानाला अतिशय मंद चालते. तिला गती देते ती उष्णता.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात हार्जितो आणि रंगन यांनी केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. त्यांचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान वाढवत नेल्यास दाबसामर्थ्य वाढते. परंतु ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फारसा लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. उष्णता देण्याच्या कालावधीचेही तसेच आहे. पहिल्या २४ तासांत सामर्थ्य झपाट्याने वाढते, त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो. अशा रीतीने तापवलेले काँक्रीट अल्पावधीतच जवळजवळ पूर्ण सामर्थ्य गाठते आणि पुढे वयोमानाने त्यात विशेष भर पडत नाही.

वाफेपेक्षा कोरड्या उष्णतेत सामर्थ्य सुमारे १५ टक्के अधिक मिळाले. मात्र 'कोरडी' याचा अर्थ उघड्यावर सुकवणे नव्हे. ओलावा वेगाने उडून गेल्यास क्रिया अपुरी राहते व पृष्ठभागाला तडे जातात. म्हणूनच साचे आच्छादून ठेवावे लागतात.

उष्णता न देताही हे काँक्रीट कालांतराने घट्ट होते. पण त्याचे सुरुवातीचे सामर्थ्य भोवतालच्या हवामानावर अवलंबून राहते. चंद्रपूरच्या मे महिन्यातील कडक उन्हाळ्यात आणि तिथल्याच डिसेंबरमधील थंडीत एकाच मिश्रणाचे सात दिवसांचे सामर्थ्य सारखे येणार नाही. त्यामुळे चाचणीचे ठोकळे भट्टीत तापवायचे आणि प्रत्यक्ष तुळई मात्र उघड्यावर ठेवायची, हे घातक ठरू शकते. कागदावर पुरेसे दिसणारे सामर्थ्य तुळईत नसते आणि साचा वेळेआधीच निघतो. ठोकळे व तुळई यांना एकसारखीच परिस्थिती मिळाली पाहिजे.

कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंना ही ऊब देणे सोपे जाते. भारतीय मानक ब्युरोची २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वेही अशा पूर्वनिर्मित उत्पादनांसाठीच आहेत. जागेवर ओतायच्या कामात राखेबरोबर पोलाद कारखान्यातील स्लॅगची भुकटी मिसळतात. तिच्यातील कॅल्शियममुळे मिश्रण सामान्य तापमानाला घट्ट होते. ऑस्ट्रेलियातील टुवुम्बा येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळासाठी असे सुमारे ४० हजार घनमीटर काँक्रीट वापरले गेले.

सिमेंटनिर्मितीतून होणारे कार्बन उत्सर्जन टाळणे हा या पर्यायामागील मुख्य हेतू आहे. उष्णतेसाठी जाळलेले इंधन त्या बचतीतूनच वजा होते. साहजिकच ६० अंश व २४ तास ही मर्यादा सामर्थ्याइतकीच काटकसरीचीही ठरते.