मिक जॅगरची नक्कल आणि मिक जॅगर

मंडळी, आज जाऊया १९ मे २०१२ च्या रात्री. न्यूयॉर्कमध्ये एनबीसीचा ८एच स्टुडिओ. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या ३७व्या सीझनचा शेवटचा एपिसोड, आणि होस्ट कोण? रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर. वय ६८!

हा शो १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला लाइव्ह जातो. स्किट फसलं तर अख्ख्या देशासमोर फसतं, रीटेक नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक नसलेलं रिलीज.

जॅगरला हा स्टुडिओ नवा नव्हता. १९७८ मध्ये अख्खा बँड इथे आला होता. पण मला १९९३ चं स्किट जास्त आवडतं: माइक मायर्स जॅगर झालाय, आणि जॅगर स्वतः झालाय त्याचा दोस्त कीथ रिचर्ड्स. २००१ मध्ये तर जिमी फॅलन आरशातलं त्याचं प्रतिबिंब झाला होता.

२०१२ चं कॅराओके स्किट याच्याही पुढचं. ऑफिसातले एकेक जण माइक घेऊन जॅगरची नक्कल करतायत, तेच ओठ, तेच हातवारे. आणि खरा जॅगर? लाजाळू कर्मचारी बनून बाजूला. मला विचाराल तर त्याने सगळ्यात भारी काम इथेच केलं, कारण त्याने जॅगरगिरी केलीच नाही.

त्या रात्री क्रिस्टन विगचा शो सोडण्याआधीचा शेवटचा एपिसोडही होता. शेवटी पदवीदानाचा सोहळा रंगला. सूत्रधार जॅगर, गायला आर्केड फायर, आणि विगचे डोळे भरलेले.