यहुदी लोकांतील सुंता व नामकरण : मूळचे दोन विधी कीं एक ?

यहुदी लोकांत मुलगा जन्मला म्हणजे आठव्या दिवशीं त्याची सुंता होते व त्याच वेळीं त्याचें नांव जाहीर करितात. ही चाल पाहून हे दोन्ही विधी आरंभापासून एकत्रच होते, असा समज सहज होतो. जुन्या कराराची साक्ष मात्र निराळी पडते. ती आम्ही येथें थोडक्यांत मांडितों.

सुंतेची आज्ञा उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायांत आहे. त्या वेळीं अब्राहाम ९९ वर्षांचा व इश्माएल १३ वर्षांचा होता. पुढील पिढ्यांस मात्र आठवा दिवस नेमून दिला. लेवीय १२ मध्यें तोच कायम आहे. विधीच्या प्राचीनत्वाची खूण त्याच्या हत्यारांत दिसते. निर्गम ४ मध्यें मोशेची स्त्री सप्पोरा गारेच्या तुकड्यानें मुलाची सुंता करिते, व यहोशवा ५ मध्येंही गारेच्याच सुऱ्या सांगितल्या आहेत.

नामकरणाची गोष्ट वेगळी. तें बहुधा जन्मतांच होई, व तो मान पुष्कळदां आईचा असे. लेआ व राहेल यांनीं मुलांचीं नांवें प्रसूतीच्या वेळच्या आपल्या उद्गारांवरून ठेविलीं. शमुवेलाचें नांव हन्नेनें ठेविलें. राहेलीनें मरतां मरतां मुलास बेनओनी, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', म्हटलें. बापानें तें बदलून बन्यामीन केलें. एलीच्या सुनेनेंही प्राण जातांना मुलास ईखाबोद हें नांव दिलें. ज्या बाळंतपणांतच वारल्या, त्यांस आठव्या दिवसाची वाट पाहणें शक्यच नव्हतें. रूथेच्या मुलास तर ओबेद हें नांव शेजारणींनीं दिलें. यांपैकीं एकाही ठिकाणीं सुंतेचा उल्लेख नाहीं. इसहाकाच्या बाबतींत दोन्ही गोष्टी आहेत. पण उत्पत्ति २१ मध्यें नांव आधीं, सुंता मागाहून.

अब्रामाचा अब्राहाम झाला तो सुंतेच्या आज्ञेबरोबरच, असा आक्षेप येईल. परंतु तें वृद्ध पुरुषाचें नामांतर होय, बालकाचें नामकरण नव्हे. शिवाय त्याच अध्यायांत सारायचेंही नांव बदलून सारा झालें. तिच्या बाबतींत सुंतेचा प्रश्नच नाहीं.

दोन्ही विधी एका दिवशीं झाल्याचा स्पष्ट दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील लूकच्या शुभवर्तमानांत मिळतो. आठव्या दिवशीं सुंतेस जमलेले आप्त मुलास बापाचें नांव, जखऱ्या, देऊं पाहतात. आई अलीशिबा योहान म्हणते, व मुका झालेला बाप पाटीवर तेंच लिहितो. वडिलांचें नांव मुलास देण्याचा हा आग्रहही जुन्या ग्रंथांत विरळा. दाविदाच्या वंशांत यहूदाच्या गादीवर इतके राजे झाले, पण त्यांत दुसरा दावीद नाहीं.

आमच्या कोंकणांतील बेने इस्राएलांकडे पाहिलें तरी हाच भेद दिसतो. पुष्कळ धर्मज्ञान लोपल्यावरही त्यांनीं आठव्या दिवसाची सुंता सोडिली नाहीं. नांवें मात्र देशरीतीस वळलीं. मुंबईंत १७९६ त प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात.

तात्पर्य, सुंता ही शास्त्राज्ञा, नामकरण ही घरची रीत. दोहोंची सांगड मागाहून पडली. उत्तरकालीन आचार पूर्वकालीन ग्रंथांत वाचूं नये, हा नियम जुन्या पोथ्या तपासणारांनीं येथेंही पाळणें अवश्य आहे.