काटा, दिवा आणि कान

माझा भाचा ज्या जुन्या मोटारीने ऑफिसला जातो, तीच सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवतो. मागे एकदा गिअर बदलायला उशीर झाला, इंजिन भलतेच फिरले आणि व्हॉल्व्ह वाकले. खर्च माझ्या बहिणीने केला. परवा विचारू लागला, "मामू, गिअर बदलायची खूण म्हणून काटा बरा की दिवा?" मी कवी माणूस. अब्बांना नुसत्या आवाजावरून गिअर टाकताना पाहिलेला.

फेरे मोजणारे यंत्र जर्मनीच्या डीट्रिख उलहॉर्नने १८१७ मध्ये केले, तेही कारखान्यातल्या यंत्रांसाठी. पुढे शर्यतीच्या काही मोटारींत टॅकोमीटरला दुसरा काटा असे. इंजिन जास्तीत जास्त जितके फिरले तिथेच तो थांबून राही. ड्रायव्हर काहीही सांगो, मेकॅनिकला खरे कळे. चहाडखोरच तो! काही जण तबकडीच फिरवून बसवत, म्हणजे लाल खूण बाराच्या जागी येई आणि आकडे वाचावे लागत नसत. १९६४ च्या पोर्श ९११ मध्ये तर ही तबकडी मधोमध होती.

दिवा नजर रस्त्यावर असतानाही दिसतो. मात्र तो लाल खुणेच्या अलीकडेच पेटायला हवा. पहिल्या गिअरमध्ये फेरे इतक्या झपाट्याने चढतात की हात हलेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते.

युरोपात २०१२ पासून नव्या मॉडेलच्या गिअरवाल्या मोटारींना अशी खूण सक्तीची झाली, पण ती इंधन वाचवायला. ती 'लवकर बदल' म्हणते, ट्रॅकवरची 'थांब जरा'.

भाच्याला म्हटले, दिवाच घे, पण प्रत्येक गिअरला वेगळा लावता येणारा आणि रात्री मंद होणारा. त्याने किंमत विचारून आणली. आता काट्याचे बघतो आहे.