टपोरी अक्षरं

आजीच्या देवघरात निर्णयसागरचं एक जुनं स्तोत्रांचं पुस्तक होतं. मोतीबिंदूनंतर तिचं वर्तमानपत्र सुटलं, हे पुस्तक सुटलं नाही. मला वाटायचं, पाठच असेल. परवा गिरगावातल्या घराची आवराआवर करताना ते हाती आलं आणि कळलं, अक्षरंच तशी आहेत. काळीभोर, टपोरी, तरी पोटं मोकळी. आत पत्ता कोलभाट लेनचा, म्हणजे शेजारच्या काळबादेवीतला!

अमेरिकन मिशन प्रेसमध्ये उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी आधी टाइप फाउंड्री काढली, मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. खिळ्याच्या प्रत्येक आकारासाठी पंच वेगळा कोरावा लागे. ठळक अक्षराचं पोट मोकळं ठेवलं नाही, तर शाई भरून ते बुजणार. संगणकावर एकच अक्षर ताणून लहानमोठं करताना नेमकं हेच भान सुटतं.

फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी मूर्ती ग्रंथमालेसाठी देवनागरी फॉन्ट केला, तो निर्णयसागरच्या खिळ्यांवरून स्फूर्ती घेऊन. २०१५ मध्ये त्यात सूरदासाची पदं छापून आली. वळण परत आलं, बरं वाटलं.

रुखरुख एकच. आजीनं ज्यांची अक्षरं जन्मभर वाचली, त्या राणोजींचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.