सातव्या अक्षाचं आजोळ

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघालं की कळसपाशी डीआरडीओची अभियांत्रिकी संशोधन संस्था लागते. बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ तिथलाच. चाकांच्या गाडीवर बसवलेला यांत्रिक हात. हात पोचून पोचणार किती, म्हणून गाडीच पुढे न्यायची. कारखान्यातल्या रोबोटचंही हेच दुखणं, तिथे फक्त गाडीऐवजी रूळ. सहा सांध्यांच्या हाताखालचा हा सरळ रूळ म्हणजे सातवा अक्ष.

आडनाव रोबोटचं लावत असला, तरी त्याचं आजोळ लेथचं. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने कारागिराच्या हातातलं हत्यार काढून सरकत्या पाटावर आवळलं. लीड स्क्रू फिरेल तसा पाट मोजूनमापून सरकायचा. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला ‘मैसूर किर्लोस्कर’ काढली आणि लेथ बनवले. कुठल्याही वर्कशॉपात डोकावा: बेड, त्यावर कॅरेज, पुढच्या अंगाला रॅक आणि त्यात फिरणारं पिनियन. रोबोटच्या रुळाला बहुतेक वेळा रॅक-पिनियनच असतं. हँडव्हील गेलं, सर्व्हो मोटर आली.

रोबोटचं घराणं त्या मानाने कालचं. जॉर्ज डेव्होलने पेटंटचा अर्ज केला १९५४ साली. १९६१ मध्ये ‘युनिमेट’ जनरल मोटर्समध्ये तापलेलं कास्टिंग उचलू लागला. मधल्या १९५५ साली डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांनी यंत्राच्या सांध्यांची कुंडली मांडायची रीत घालून दिली. दर सांध्याला चार आकडे. सांधा फिरणारा असेल तर त्यातला कोन बदलतो, सरकणारा असेल तर अंतर. रूळ आणि हात यांची सोयरीक कागदावर तेव्हाच जमली होती म्हणायची.

संसार मात्र सोपा नाही. हत्यार हव्या त्या जागी, हव्या त्या तिरकसपणे धरायला सहा अक्ष पुरतात. सातवा आला की उत्तरं अगणित. दाराची कडी घट्ट धरा आणि खांदा न हलवता कोपर वरखाली करा: मूठ तिथेच, हात वेगळा. म्हणून सिम्युलेशन करताना रूळ कुठे थांबवायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

अशा सिम्युलेशनचा माझा पहिला प्रयत्न याच्याही अलीकडे फसला. मी रूळ चित्र म्हणून टाकला होता. पडद्यावर रोबोट दोन मीटर ऐटीत सरकला. पण सॉफ्टवेअरच्या हिशेबी त्याचा पाया मूळ जागीच. आकडे सांगत होते की वेल्डिंग गनचं टोक जॉबवर आहे; पडद्यावर ती दोन मीटर पुढे, हवेत. रूळ हा सांधा आहे आणि रोबोटचा पाया त्याच्यावर बसलाय, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

ते सांगितलं तरी लॅपटॉपमधला रूळ अगदी सरळ असतो, शॉपफ्लोअरवरचा नसतो. ०.१ अंश तिरका बसला तर सहा मीटरवर टोक सुमारे १० मिलिमीटर हुकतं. वेल्डिंगला एवढी चूक चालत नाही. मग रुळावर जागा बदलत एकाच खुणेला टोक टेकवायचं, फरक मोजायचा आणि तो सॉफ्टवेअरला द्यायचा. लेथ बसवताना फिटर बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवून पायाखाली पत्र्याच्या शिम सारतात. रुळाखालीही त्या असतातच. उरलेला फरक लॅपटॉपात, तीन दशांशांपर्यंत लिहिलेला.