त्याग : पडद्यावरचा आणि पाषाणातला

प्रेम आणि त्याग या दोन शब्दांची जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, त्याग म्हणजे प्राणार्पण हे समीकरण तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. बोलपटांनी या समजुतीस पुष्कळ खतपाणी घातले आहे. १९६० साली के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ पडद्यावर आला आणि अनारकली घरोघर पोचली. दुर्गाबाई खोटे यांनी त्यात जोधाबाईची भूमिका केली असल्यामुळे मराठी प्रेक्षकांस त्याविषयी थोडी अधिक आपुलकी. सलीमचा प्राण वाचावा म्हणून अनारकली आपण होऊन बादशहाच्या स्वाधीन होते, हे पाहून ज्याचे डोळे पाणावत नाहीत असा प्रेक्षक विरळा. त्या चित्राची थोरवी आम्हांसही मान्य आहे. परंतु जहांगीराच्या आत्मचरित्रात अनारकलीचे नाव नाही, आणि तिच्या कथेला परिचित नाट्यरूप मिळाले ते इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या उर्दू नाटकातून, हेही विसरून चालणार नाही.

ज्या अकबराच्या दरबारात ही कथा घडते, त्याच दरबारातील अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येते. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तोवर हा सारा अरण्यप्रदेश चांदा जिल्ह्यातच मोडत असे. आणि त्याच्याही पूर्वी तो चांद्याच्या गोंड राजांचा मुलूख होता. प्रेम आणि त्याग यांची एक कथा या मुलखातही आहे, आणि तिचे दगड अद्याप उभे आहेत.

राजा बीरशाह आणि त्याची राणी हिराई यांची ही कथा. राजास पुत्र नव्हता. परंपरा सांगते की, दुसऱ्या विवाहाच्या समारंभातच हिरामण नावाच्या रजपुताने त्याचा वध केला. हा प्रसंग १७०४ च्या सुमारास घडला असे मानतात. घरात सवत यावयाची, त्याच वेळी कपाळीचे कुंकू पुसले जावे, याहून विपरीत योग कोणता? नाटककार असता तर त्याने येथेच राणीस चितेवर चढविले असते आणि पडदा टाकला असता.

हिराई मात्र जगली. चंदनखेडा येथील राजकुळाच्या शाखेतील रामशाहास तिने दत्तक घेतले आणि तो वयात येईपर्यंत राज्याचा भार स्वतः वाहिला. अचलेश्वर दरवाजाजवळ, गोंड राजांच्या दफनभूमीत, तिने पतीची समाधी बांधली. कमानी आणि घुमट असलेली ती दगडी वास्तू तेथील सर्व समाध्यांत उठून दिसते. महाकालीचे मंदिरही तिनेच बांधविले असे मानतात. चैत्रात तेथे भरणाऱ्या यात्रेस मराठवाड्यातूनही असंख्य भाविक येतात. १७१९ च्या सुमारास रामशाह गादीवर बसला. पुढे १७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेईपर्यंत हे राज्य टिकले.

या समाधीस चंद्रपूरचा ताजमहाल म्हणण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस ही उपमा अपुरी वाटते. शाहजहानाच्या हाती साम्राज्याचा खजिना होता आणि सिंहासन निर्वेध होते. हिराईच्या हाती होते अरण्यातले एक निर्नायक राज्य आणि मांडीवर दुसऱ्याच्या कुशीत जन्मलेले मूल.

कोणी चिकित्सक म्हणेल की, यात प्रेमापेक्षा राजकारण अधिक आहे. मृत राजाचे स्मारक जितके भव्य, तितका त्याच्या दत्तकाचा हक्क बळकट. हा तर्क आम्ही फेटाळीत नाही. पण त्यामुळे हिराईची थोरवी उणी होते असे का समजावे? ज्या पुरुषाने तिच्या डोळ्यांदेखत दुसरी राणी आणण्याचे योजिले, त्याचे नाव राखणे आणि त्याचे राज्य राखणे ही दोन्ही कामे तिने एकाच हाताने केली. त्यात प्रेम किती आणि कर्तव्य किती हे तराजूने तोलून पाहण्याचा हव्यास आम्हांस नाही. संसारात तरी या दोहोंची वाटणी कोणी करून ठेवली आहे?

प्राण देण्यास एक क्षणाचे धैर्य लागते. हिराईस ते सुमारे पंधरा वर्षे, प्रत्येक दिवशी नव्याने, गोळा करावे लागले. आणि शेवटी राखलेले सारे दुसऱ्याच्या हाती सोपवून तिला बाजूस व्हावे लागले. असला त्याग पडद्यावर रंगविणे कठीण, कारण त्यात शेवटचा प्रवेश नसतो. आपल्या घराघरांतून वैधव्यानंतर मुले वाढविणाऱ्या, शेत सांभाळणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या ज्या स्त्रिया आपण पाहिल्या, त्यांचा त्यागही याच जातीचा होता. त्यांच्यासाठी घुमट कोणी बांधला नाही. अचलेश्वराजवळच्या त्या समाधीपुढे उभे राहणाऱ्याने राजाबरोबर ती बांधणारीचेही स्मरण केले, तर त्यात त्या साऱ्याजणींचा थोडासा वाटा खचित पोचेल.